रेघेचा सांधा

मोठ्या रांगोळीचं बाहेरचं वर्तुळ एका हाताने पुरं होत नाही. मूठ रिकामी होते, मांड्या भरून येतात आणि रेघ पुढच्या बाईच्या हाती द्यावी लागते. जिथे ती दिली जाते, तिथे सांधा पडतो. नाशिकमध्ये हौशी गटांना वर्षानुवर्षं रांगोळी शिकवत आलेल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेचा जीव या सांध्यात अडकला आहे. पूर्वी त्यांना तो टाळता यायचा; लांब रेघ स्वतःच ओढायची, की झालं. आता ते जमत नाही, कारण उजवा अंगठा कामातून गेला. बुडाशी संधिवात आहे, चिमूट धरली की कळ मनगटापर्यंत जाते. खडूने आखता येतं, चाळणीने रंग टाकता येतो, पण पांढरी रेघ सोडता येत नाही. आता रेघ दरवेळी दुसऱ्याचीच.

गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावरच्या पाडवा पटांगणात महारांगोळी घातली जाते. नववर्ष स्वागत यात्रा समितीच्या कार्यक्रमांत ढोलपथकांचं महावादन असतं, गाण्यानाचाचा अंतर्नाद असतो, आणि त्यांच्या जोडीला ही रांगोळी. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली पाडव्याच्या स्वागतयात्रेला सुरुवात केली आणि ती प्रथा गावोगाव गेली; नाशिकने तिला नदीकाठी नेलं. पंचवटी, सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड असं कुठून कुठून आलेल्या शेकडो महिला एकाच वेळी जमिनीवर वाकलेल्या असतात. मानधन कुणालाच नाही. त्याआधी कुठे शाळेच्या वर्गात, कुठे सोसायटीच्या सभागृहात सराव चालतो. शिकवणाऱ्याही घरचं आवरून आलेल्या असतात आणि शिकणाऱ्याही. अशा सरावांतूनच बाईंचं शिकवणं घडलं.

एवढ्या अनोळखी हातांना एका चित्रात आणणं शक्य झालं ते मुक्तहस्त रांगोळीमुळे. संस्कार भारती ही संस्था १९८१ साली लखनौमध्ये स्थापन झाली. भीमबेटकाची शैलचित्रं उजेडात आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेचं काम नाटक, संगीत, साहित्य असं सगळीकडे पसरलेलं असलं, तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तिचं नाव पोहोचलं ते रांगोळीच्या या प्रकारामुळे. आधी रंगाचा गालिचा, त्यावर बोटांतून सुटणारी पांढरी रेघ, आणि गोपद्म, शंख, सर्परेषा, शृंखला, केंद्रवर्धिनी अशी ठरलेली चिन्हं. चिन्हं सगळ्यांना ठाऊक असली की कागदावरच्या नकाशाशिवायही काम पुढे सरकतं.

पण सांध्याची अडचणही याच प्रकाराने आणली, असं बाईंचं ठाम मत आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यावर थांबते आणि ठिपक्यावरूनच निघते. एका मुलीने सोडलेली रेघ दुसरीने उचलली तरी ठिपका दोघींना सांभाळून घेतो. वर्तुळाला असा थांबा नसतो. ते अखंडच दिसायला हवं.

अडचण हाताच्या स्वभावातच आहे. चिमूट उघडताना पहिली भुकटी जरा जास्तच सुटते, म्हणून रेघेचं तोंड जाड येतं. मूठ संपत आली की शेपूट बारीक होतं. म्हणजे सांध्यापाशी एकीच्या बारीक शेपटावर दुसरीचं जाड तोंड येऊन बसतं. त्यात हाताची उंची वेगळी, वेग वेगळा, अंगठ्याचा दाब वेगळा. संध्याकाळी नदीवरून वारा सुटला तर उंच धरलेल्या हाताची रेघ एका बाजूला उडते आणि खाली धरलेल्या हाताची नाही. रांगोळीला ऊन दाखवलेलं नसेल तर ती बोटांत अडकते आणि गुठळीने पडते. बाईंनी एकाच दुकानातली, एकाच पोत्यातली रांगोळी सगळ्यांना वाटून पाहिली. पोतं एक असलं तरी हात एक होत नाहीत.

यावर सगळेच गट करतात तो उपाय सोपा आहे: सांध्यावर कमळ काढायचं, नाहीतर मोठा बिंदू ठेवायचा. बाईंना तो कधीच पटला नाही. नक्षी तिथे हवी म्हणून काढावी, रेघ चुकली म्हणून नाही. वर्तुळावर असमान अंतराने बसलेली कमळं पाहिली की त्या आखणी न पाहता सांगतात, इथे इथे माणसं बदलली.

तिबेटी भिक्खूंच्या वाळूच्या मंडलाचे व्हिडिओ त्या पुन्हा पुन्हा पाहतात. चारही बाजूंना भिक्खू बसतात आणि मध्यापासून बाहेर भरत जातात. कुणाचा हात कुठे संपला ते कळत नाही. बाईंचं लक्ष मात्र ‘चाकपुर’वर असतं. ही धातूची अरुंद, लांबट नळी. तिच्या खरखरीत बाजूवर दुसरी कांडी घासली की वाळू बारीक धारेने गळते. तिथे धार नळीची असते, म्हणून माणूस बदलला तरी धार बदलत नाही. रांगोळीत नळी वापरावी का, असा प्रश्न एका शिबिरात आला तेव्हा त्यांनी तो तिथेच मिटवला. नळीने काढलेली रेघ सारखी येईल, पण ती कुणाचीच नसेल.

बाजारातल्या छापांबद्दल त्यांचं मत याहून कडक आहे. प्लास्टिकचे छाप, भोकं पाडलेले रूळ, दारात चिकटवायचे तयार स्टिकर यांनी रांगोळी वाचवली असं म्हणणाऱ्यांशी त्या बोलायला तयार नसतात. चैत्रात गौरीपुढे चैत्रांगण काढणारं घर त्यांना आता शोधावं लागतं. चंद्र, सूर्य, कासव, पाळणा, तुळशीवृंदावन ही सगळी चिन्हं छापात मावतात; पण ती क्रमाने आठवत काढणारी मुलगी सापडत नाही, ही त्यांची खंत. व्यक्तिचित्रांच्या रांगोळीचा त्यांना आदर आहे. गुणवंत मांजरेकरांनी त्या वाटेवर जे करून ठेवलं ते ओलांडणं सोपं नाही, असं त्या मोकळेपणाने म्हणतात. पण ते एकट्याचं काम. पडद्याआड, बंद खोलीत, वारा अडवून करायचं. आणि विक्रमाची चौरस फुटं मोजत काढलेल्या रांगोळ्या? त्यांत रेघेकडे बघायला कुणाला सवड असते!

रांगोळी म्हणजे बायकांचा विरंगुळा, असं कुणी म्हटलं की त्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’चं नाव घेतात. चालुक्य राजा सोमेश्वराच्या त्या ग्रंथात धूलिचित्राचा उल्लेख आहे. ‘कामसूत्रा’तल्या चौसष्ट कलांच्या यादीतही तांदूळ आणि फुलांनी भूमी सजवण्याची कला आहे. नावं सांगताना त्यांचा आवाज चढतो, कारण इथे त्यांचा स्वतःचा मानही गुंतलेला असतो.

तो मान त्या लपवत नाहीत. बाहेरचं वर्तुळ त्या कित्येक वर्षं कुणाला देत नसत. गच्चीवरून, ड्रोनने, कुठूनही काढलेल्या फोटोत आधी तेच दिसतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला की त्या मधली नक्षी बघत नसत, स्वतःची रेघ बघत. ती त्यांना ओळखू यायची. सामूहिक रांगोळीत कुणाचं नाव नसतं, हे सांगून शिबिराची सुरुवात करणाऱ्या बाईंना स्वतःची रेघ ओळखू येण्याचं सुख सोडवत नव्हतं. त्यांच्या रेघेला इतरांची रेघ जुळत नव्हती, यातही त्यांना थोडा आनंद होताच. हे त्यांनीच मैत्रिणींना सांगितलं, अंगठा गेल्यावर.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रावर काम करणारा एक तरुण गटात आला तो याच सुमारास. बायकांमध्ये एकटाच मुलगा, सुरुवातीला नुसता रंगाच्या पाट्या उचलायचा. मग चिमूट धरू लागला. त्याची रेघ सरळ, कोरडी, बाईंच्या रेघेसारखी भरलेली नाही. पण सांधा बघण्याची त्याची नजर त्यांच्यासारखीच हट्टी. दोघं तासन्‌तास फरशीवर रेघा काढून पुसत बसले. एकदा तो म्हणाला, “काकू, आपण सांधा थांबून करतोय. पहिली थांबते, मग दुसरी सुरू करते. दोघींचे हात चालू असतानाच व्हायला हवा.”

त्यांनी करून पाहिलं. पहिलीने वीतभर आधीपासून हात हळूहळू उचलत रेघ विरळ करत न्यायची. त्याच वीतभरात दुसरीने विरळ सुरुवात करून हात खाली आणायचा. दोन अर्ध्या रेघा एकमेकींवर पडतात आणि जाडी राखली जाते. सरळ पट्ट्यात हे इतकं सुरेख उतरलं की बाईंनाही सांध्याची जागा बोट ठेवून दाखवता आली नाही. आयुष्यभर जपलेली अडचण दुसऱ्या कुणी सोडवायला घेतली, याचं त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी त्याला तसं सांगितलंही. तो घाबरून गेला. मग त्यांनी त्याला बाहेरचं वर्तुळ दिलं.

पण वर्तुळात ही युक्ती अडते. सरळ पट्ट्यात दुसरीला रेघेच्या पलीकडे, समोर बसता येतं. वर्तुळाच्या आत आधीच रंग पडलेला असतो, तिथे पाय ठेवायचा नाही. दोघींनाही बाहेरच बसावं लागतं. दोघी उजव्या हाताच्या असल्या की दुसरीचा हात स्वतःच्या अंगावरून आडवा येतो, कोपर पहिलीच्या खांद्याला लागतं आणि रेघ हलते. बाईंनी बसण्याच्या जागा कागदावर काढून पाहिल्या. मग लक्षात आलं की दुसरी डावरी हवी. मग दोघी शेजारी शेजारी बसून हात मधे आणू शकतात, अंगाला अंग लागत नाही.

म्हणून शिबिराच्या नोंदवहीत आता एक नवा रकाना आला आहे: हात उजवा की डावा. गटातल्या काही ज्येष्ठ महिलांना तो खटकला. पाडव्याची, देवाच्या दारातली रेघ डाव्या हाताने ओढायची नसते, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत, आणि बाईही तेच ऐकत वाढल्या. त्यांनी वाद घातला नाही. आधी सराव बघा, मग ठरवा, एवढंच म्हणाल्या. अजून ठरलेलं नाही.

सरावाला सिडकोतली एक डावरी मुलगी येते. घरी आजी तिच्या डाव्या हातातून डबी काढून घ्यायची, म्हणून ती उजव्याने रांगोळी काढायला शिकली; चांगली काढते. बाईंनी तिला त्या तरुणाशेजारी बसवलं आणि मूठ डाव्या हातात भरून घ्यायला सांगितलं.

“काकू, खरंच डाव्याने?”

“खरंच. आणि कोपर अंगाशी धर.”