मीटर म्हणे बारा व्होल्ट

कॅम्परला स्वतःचे ब्रेक असतात, हे कॅम्पर विकत घेईपर्यंत मला माहीत नव्हतं. पुढचा ट्रक थांबला की मागचं चाकांवरचं घर आपोआप थांबणार, एवढीच माझी समजूत. पण आमचा छोटा, एका अ‍ॅक्सलचा कॅम्परसुद्धा सामान भरल्यावर सुमारे पावणेदोन टनांचा होतो. तेवढं वजन एकट्या ट्रकच्या ब्रेकांवर टाकणं धोक्याचंच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत आणि कॅलिफोर्नियात तर ही मर्यादा १,५०० पौंडांची आहे.

आमच्या कॅम्परचे ब्रेक विजेवर चालतात. ट्रकच्या पेडलवर पाय पडला की स्टिअरिंगजवळ बसवलेला कंट्रोलर निळ्या वायरीतून मागे वीज पाठवतो. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटायला बघतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, त्या ओढीने एक तरफ सरकते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. किती जोर लावायचा ते ‘गेन’च्या आकड्याने ठरवायचं. कंट्रोलरला एक छोटी दांडीही असते. ती दाबली की ट्रकचे ब्रेक न लागता फक्त कॅम्परचे लागतात.

साताऱ्याहून आलेले माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी हे सगळं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “अगं, पण हवेचा पाइप कुठाय?”

“बाबा, हवा नाहीच. नुसती वीज.”

“म्हणजे वायर तुटली तर ब्रेक लागणारच नाही?” ते गंभीर झाले. “स्प्रिंग ब्रेकच्या गाडीत हवा गेली तर गाडी जागेवर जखडते. हे उलटंच आहे.”

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. कॅम्पर ट्रकपासून सुटलाच, तर पिन ओढली जाऊन कॅम्परच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागावेत, अशी सोय असते. पण कॅम्पर जोडलेला असताना मधली वायर कमजोर झाली, तर ब्रेक गुपचूप दुबळे होतात.

आमचे झालेच होते. कोलोरॅडोतल्या ऑरोराहून आय-७० ने पश्चिमेला निघालो. आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत बहुतेक चढच होता, म्हणून काही कळलं नाही. हा बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. त्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंतच्या आठेक मैलांत रस्ता सुमारे दोन हजार फूट खाली उतरतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांना शिरता यावं म्हणून कडेला खडीचे चढते रस्ते काढलेले आहेत, यावरून उताराची कल्पना यावी. मी गिअर खाली टाकला होता, वेग कमी होता, तरी प्रत्येक वेळी पेडल दाबलं की मागून जोराचा रेटा येई आणि कॅम्पर किंचित डावीकडे ओढ घेई. ट्रकचे ब्रेक तापल्याचा वास यायला लागला. गेन वाढवला तर डावी ओढ वाढली, रेटा मात्र तसाच. आणि स्क्रीनवर पूर्ण वेळ एकच संदेश: ट्रेलर जोडलेला आहे. हात घामाने भिजले होते. मागच्या सीटवर कुणी बोलत नव्हतं.

डिलन जलाशयाकाठच्या हीटन बे कॅम्पग्राउंडवर पोचलो आणि मी ठरवलं की दोष सापडल्याशिवाय हा कॅम्पर परत घाटात न्यायचा नाही.

सुरुवातीला तर कुठून बघायचं हेच कळेना. मागचे लाल दिवे लागत होते, इंडिकेटर लागत होते, मग ब्रेकनेच काय केलं? सात पिनांचा प्लग उघडून बघितला तेव्हा उलगडा झाला: दिव्यांच्या वायरी वेगळ्या, ब्रेकची निळी वेगळी. दिवे लागतात याचा ब्रेकशी काही संबंध नाही. स्क्रीनवरचा संदेशही तितकाच अपुरा. कंट्रोलरला एक जरी चुंबक जाणवला तरी तो ट्रेलर जोडलेला समजतो.

प्लग ट्रकपासून काढला, एका चाकाला ठोकळे लावले, दुसरं चाक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं आणि आपत्कालीन पिन ओढली. डावं चाक जागच्या जागी थांबलं. उजवं मात्र कुरकुरत फिरत राहिलं. शेजारच्या साइटवरच्या आजोबांनी होकायंत्र आणून ड्रमजवळ धरलं. डावीकडे सुई झटक्यात वळली, उजवीकडे जेमतेम हलली. चुंबक जागा आहे की नाही, हे ड्रम न उघडता ओळखायची ही रीत मला फार आवडली.

म्हणजे उजवा चुंबक जळाला असणार, असं वाटलं. त्याच्या वायरी सोडवून मल्टीमीटरने रोध मोजला. अशा दहा इंची ड्रमच्या चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहम असतो आणि तो तेवढाच निघाला. चुंबक ठणठणीत. मग वीज पोचत नसेल? वायरीच्या टोकांना मीटर लावला. बारा व्होल्टांहून थोडे जास्तच. वीज आहे, चुंबक चांगला आहे आणि ब्रेक लागत नाही! मी मीटरकडे बघतच राहिले. निघण्याआधी ज्या गॅरेजला पैसे मोजून कॅम्पर दाखवला होता, त्यांनीही चाकाजवळ हेच बारा व्होल्ट बघून ‘ब्रेक चालू’ असं कागदावर लिहून दिलं होतं.

बाबा एवढा वेळ खुर्ची टाकून शांत बसले होते. ते उठले. “मीटर ठेव बाजूला. हेडलाइटचा बल्ब मिळेल का एक?”

सिल्व्हरथॉर्नच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पंचावन्न वॅटचा हॅलोजन बल्ब आणला. बाबांनी त्याला दोन वायरी जोडल्या आणि तो चुंबकाऐवजी डाव्या बाजूला लावला. लख्ख पेटला. तोच बल्ब उजवीकडे लावला, तर आतली तार नुसती लालसर झाली. तशातच मी मीटर लावला, तर मघाचे बारा व्होल्ट कुठल्या कुठे गेले होते.

“नळ बंद असला की पाइपात प्रेशर दिसतंच,” बाबा म्हणाले. “तोटी उघडल्यावर धार किती येते, ते बघायचं. तुझा मीटर बंद नळ बघत होता.”

माझा सगळा गोंधळ त्या वाक्याने फिटला. मल्टीमीटर व्होल्ट मोजताना इतकी नगण्य वीज घेतो की वायरीचा एखादा धागा शाबूत असला तरी त्याला बारा व्होल्ट दिसतात. चुंबकाला मात्र तीन-चार अँपिअर लागतात. तेवढी वीज एका धाग्यातून जाऊ लागली की व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. हेडलाइटचा बल्बही साधारण तेवढीच वीज ओढतो, म्हणून त्याने खरं सांगितलं.

आमच्या कॅम्परमध्ये वायर आधी डाव्या चाकाला येते आणि अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून उजव्या चाकाला जाते. बाबांनी जमिनीवरून एक तात्पुरती जोडवायर डावीकडून उजवीकडे टाकली आणि उजवा बल्बही लख्ख पेटला. दोष नळीच्या आत होता. जुनी वायर ओढून काढली तेव्हा दिसलं की वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती नळीच्या कडेवर घासली होती, वरचं आवरण गेलं होतं आणि आतलं तांबं हिरवंकाळं पडून बहुतेक धागे तुटले होते. कोलोरॅडोत हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. उघड्या तांब्याला ते आणि ओल मिळून खातात.

नवी, जाड वायर आम्ही नळीत घातलीच नाही. अ‍ॅक्सलच्या बाहेरून, पट्ट्यांनी घट्ट बांधून नेली आणि प्रत्येक सांधा डाग देऊन वर आकसणारी नळी चढवली. मग निळ्या वायरीत अँपिअर मोजले. दुरुस्तीआधी पूर्ण जोर लावूनही साडेतीनच्या आसपासच वीज जात होती. आता काटा सहाजवळ गेला. बाबांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

सपाट, रिकाम्या जागेवर ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगात दांडी दाबत गेन थोडा थोडा वाढवला आणि चाकं घसरायला लागण्याच्या जरा आधी थांबवला. परतीच्या उतारावर मागचा रेटा नव्हता, डावी ओढही नव्हती.

ही वायर अ‍ॅक्सलच्या नळीत घासणं हा आमच्याच कॅम्परचा खास दोष नाही, अनेक ट्रेलरमध्ये ती तशीच नेलेली असते. म्हणून इकडे राहणाऱ्या आणि जुना कॅम्पर घेऊ बघणाऱ्या मराठी कुटुंबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘व्होल्ट येतात’ या उत्तरावर थांबू नका. ब्रेक पूर्ण दाबून अँपिअर किती जातात ते लेखी मागा. दहा किंवा बारा इंची ड्रमचे दोन ब्रेक असतील तर सुमारे सहा, चार असतील तर सुमारे बारा. आकडा त्याच्या बराच खाली असेल तर दोष सापडेपर्यंत कॅम्पर उतारावर नेऊ नका. आणि रोज निघताना, रस्त्याला लागण्यापूर्वी, सपाटीवर हळू चालवत फक्त दांडी दाबून बघा. कॅम्परने ट्रकला मागे धरल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे.