लंडनांतील सात दिवस

आमच्या वडिलांच्या पिढींत विलायत म्हणजे लंडन, हा अर्थ इतका पक्का होता कीं, कोणाचा मुलगा एडिंबरोस असो वा केंब्रिजास, घरचीं माणसें 'तो लंडनला असतो' असेंच सांगत. आतां मुलें चारी खंडांत जातात, आणि कोणी अमेरिकेस निघाला तर आळींत त्याचें नवलही उरलेलें नाहीं. तरी त्या जुन्या नांवाची मोहिनी पुरती ओसरलेली नाहीं, याचा प्रत्यय शुक्रवार पेठेंतील आमच्या घरांत यंदाच्या चैत्रांत आला.

आमच्या वडील बंधूंचा नातू लीड्स येथें वस्त्रविद्येचा अभ्यास करतो. चादरींच्या गांवच्या मुलानें कापडाचें शास्त्र शिकण्यास इंग्लंडांत जावें, यांतला विनोद त्याच्याही ध्यानांत आहे. ईस्टरच्या सुटींत त्यास एक आठवडा मोकळा मिळाला व तो सारा त्यानें लंडन पाहण्यांत घालविण्याचें ठरविलें. घरांत लागलीच दोन पक्ष पडले. वहिनींचें म्हणणें असें कीं, "पोराला हिंडायला आठ दिवस मिळतात, मग घरीं यायला कां मिळूं नयेत? दोन वर्षें झालीं, तोंड दिसलें नाहीं." पुतण्यानें विमानाचें भाडें आणि लंडनचा खर्च यांचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. वहिनींस हिशेब समजला. समाधान कांहीं झालें नाहीं.

आम्हीं मध्यस्थी केली, ती एका अटीवर. मुलानें रोज रात्रीं आम्हांस पत्र लिहावें. फोनवरून चित्रें तर क्षणोक्षणीं येतच होतीं, आणि घरांतील मंडळी 'वा, छान' म्हणून तीं बोटानें पुढें सरकवीत होतीं. परंतु आपणांस काय वाटलें हें लिहूं लागल्यावांचून पाहणाऱ्याचें त्यालाही नीटसें उमगत नाहीं, असा आमचा शाळेंतील पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें संस्कृत आलें तें एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या ओसरीवर. तेथें पाठ म्हणून झाला कीं तो आपल्या शब्दांत पुन्हां सांगावा लागे. तीच शिस्त आम्हीं नातवास लावली. त्याचीं सात पत्रें आलीं व तीं आम्हीं माजघरांत सर्वांसमक्ष वाचलीं.

प्रथम खर्चाचें सांगतों, कारण आमच्यासारख्या कुटुंबांत पहिला प्रश्न तोच असतो. मुक्काम विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत, एका खोलींत आठ बिछाने. पिशवींत सोलापुराहून गेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ही शिदोरी महिनोन् महिने टिकते, व थेम्सच्या कांठीं बांकावर बसून ती मोडून खातांना मुलास जरासुद्धां संकोच वाटला नाहीं, हें वाचून वहिनींचा राग निम्मा उतरला. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम यांचे मूळ संग्रह पाहण्यास तेथें पैसा पडत नाहीं. जमिनीखालची आगगाडी १८६३ पासून धांवते व ती जगांतील पहिली. परंतु मुलगा शक्य तों पायींच हिंडला. पायीं हिंडणाऱ्यास दोन प्रेक्षणीय स्थळांच्या मधलें गांवही दिसतें.

पहिल्या दिवशीं तो सेंट पॉलच्या मंदिरांत गेला. येथें मात्र तिकीट पडलें. १६६६ च्या आगींत जुनें मंदिर जळालें, त्या जागीं क्रिस्टोफर रेन यानें हें नवें उभारलें. त्याच्या घुमटाच्या आंतील सज्जांत एका टोकास केलेली कुजबुज दुसऱ्या टोकास ऐकूं येते, ही त्याची ख्याति. आतां सोलापुराहून विजापूर सुमारें शंभर किलोमीटर, आणि गोलघुमट न पाहिलेला सोलापूरचा शाळकरी मुलगा विरळा. महंमद आदिलशहा १६५६ सालीं वारला. त्याच्या कबरीवरील तो घुमट सुमारें ४४ मीटर व्यासाचा, म्हणजे सेंट पॉलच्या घुमटाहून मोठा. दोन्ही इमारतींचें काम एकाच शतकांत सुरू झालेलें, आणि दोन्हींकडे आवाज वाटोळ्या भिंतीस बिलगून धांवतो. नातवानें लिहिलें, "घुमटाखालीं उभा राहिलों आणि आधीं विजापूर आठवलें, लंडन मागाहून दिसूं लागलें." आम्हांस हें वाक्य फार आवडलें. दूरची वस्तु मोजावयास घरची फूटपट्टी बरोबर न्यावी लागते.

तिसऱ्या दिवसाचें पत्र कापडाविषयींचें होतें. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमधील हिंदुस्थानी वस्त्रांचा संग्रह जगांतील मोठ्या संग्रहांत गणला जातो. तो पाहून मुलगा तासन् तास हरखून गेला. परंतु पत्राचा उत्तरार्ध गंभीर होता. १८६६ सालीं फोर्ब्स वॉटसन नांवाच्या अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील कापडांचे ७०० नमुने कापून ते अठरा खंडांत डकविले. अशा वीस प्रती तयार झाल्या. तेरा विलायतेंत राहिल्या, सात इकडे आल्या. उद्देश असा कीं, येथील लोक काय नेसतात, किती लांबीरुंदीचें, कोणत्या वाणाचें, हें विलायतेच्या गिरण्यांस घरबसल्या कळावें व तसाच माल त्यांनीं इकडे पाठवावा. "असें बारकाईचें काम आपल्याकडे कोणीं केलें नाहीं, म्हणून विद्यार्थी या नात्यानें मीं त्यास हात जोडले," असें तो लिहितो, "पण तें कोणाच्या पोटावर पाय देण्यासाठीं केलें हें आठवल्यावर जोडलेले हात सोडले." सोलापुरांत जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली, पुढें बंदही पडली; हातमागावरच्या माणसाचे हाल आमच्या गांवास पुस्तकांतून शिकावे लागत नाहींत.

चौथा दिवस आपल्या माणसांचा. दिवसभर पायपीट करून त्यानें तीन पत्ते गांठले. हौली प्लेसमधील १० क्रमांकाचें घर, जेथें लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्यें चिरोल खटल्याच्या निमित्तानें राहिले. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर, जेथें विद्यार्थिदशेंत डॉ. आंबेडकर राहत असत व जें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन स्मारक केलें. आणि हायगेटमधील क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरचें ६५ क्रमांकाचें, एके काळचें इंडिया हाउस, जेथें सावरकर राहिले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची दाद मागण्यास गेलेले रंगो बापूजी याच शहरांत १८५३ पर्यंत सुमारें चौदा वर्षें झगडले. त्यांची आठवण काढून मुलगा संध्याकाळीं नदीकांठीं बसला. "चौदा वर्षें! आणि मला सात दिवसांत घरची आठवण येते," एवढेंच त्या पत्राच्या शेवटीं होतें. तें वाचतांना वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला.

पांचवा दिवस ग्रीनिच येथें गेला. वर्गांत शून्य रेखावृत्त फळ्यावर काढणाऱ्या मास्तरास ती रेघ कोणी आपला पाहून आला याचा आनंद काय होतो, तें मास्तरच जाणे. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें राष्ट्रांचे प्रतिनिधि जमून ही रेघ सर्वांसाठीं मान्य झाली, आणि आपलें घड्याळ तिच्यापुढें साडेपांच तास चालतें. मुलानें रेघेच्या दोन बाजूंस दोन पाय ठेवून चित्र काढविलें होतें. वहिनींनीं विचारलें, "आपण कोणत्या बाजूला?" आम्हीं त्याच्या पूर्वेकडील पायाकडे बोट दाखविलें. त्या बराच वेळ त्या पायाकडे पाहत होत्या.

सहाव्या पत्रांत प्रश्न आला, आणि हा लेख लिहिण्याचें कारण तोच. "अण्णाआजोबा, ज्या राज्यानें आपल्या गांवावर मार्शल लॉ लादला त्या राज्याची ही राजधानी. मग ती मला इतकी आवडली कां? आवडली असें लिहितांना लाज वाटते, आणि न लिहावें तर खोटें होतें."

तरुण वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलें, गोळीबार झाला, आणि १२ मे पासून येथें लष्करी कायदा जारी झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. आमचे तीर्थरूप त्या वेळीं आठ वर्षांचे होते. रस्त्यावर बुटांचा आवाज आला कीं आजी दिव्याची वात खालीं करी, एवढेंच ते सांगत, आणि पुढें बोलत नसत.

आम्हीं नातवास उत्तर लिहिलें तें असें. शहर आणि सरकार यांचा पत्ता एक असला तरी त्या दोन वस्तु आहेत. डॉ. आंबेडकरांनीं त्याच शहरांतील ग्रंथालयांत बसून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. त्यांत इंग्रज सरकारच्या चलनधोरणावर सडकून टीका होती, आणि लंडनच्याच विद्यापीठानें १९२३ सालीं त्यांस डी. एस्सी. ही पदवी दिली. म्हणून सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा हिशेब फिटतो असें मात्र नव्हे. तो तसाच राहतो. तुला घुमट आवडला, बागा आवडल्या, फुकट उघडीं असलेलीं म्युझियमें आवडलीं, यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं. वस्त्रांपुढें तूं हात जोडलेस आणि सोडलेस, त्या दोन्ही गोष्टी एकाच पत्रांत लिहिल्यास, तेंच बरोबर केलेंस. यांतली एक गोष्ट गाळावी लागेल असें तुला कधीं वाटूं लागलें, तर तेव्हां लाज वाटूं दे.

सातवें पत्र लहान होतें. "निघवत नाहीं. पुढें येथेंच नोकरी मिळाली तर..." असें अर्धें वाक्य लिहून त्यानें खालीं सही केली होती. माजघरांत कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं तेवढीच ओळ पुन्हां वाचावयास सांगितली.

परत येण्याचें वचन मुलाकडून मागावें, असें पुतण्याचें मत होतें. आम्हीं तें मागितलें नाहीं. सात दिवसांच्या आनंदावर जन्माची शपथ घालणें हा अन्याय आहे. शिवाय शपथेनें आलेला मुलगा घरांत राहतो, पण रमत नाहीं. आम्हीं दुसरें मागणें केलें. सिद्धेश्वराच्या भोंवतीं या गांवांत ६८ लिंगें आहेत. गड्ड्याच्या यात्रेंत नंदीध्वजांची मिरवणूक निघते व त्या लिंगांस तेल चढतें. तुकड्यातुकड्यांनीं तीं त्यानें पाहिलीं असतील, सगळीं नव्हेत. भुईकोट किल्ल्यांत तो खेळला आहे, पण त्याची तटबंदी त्यानें कधीं नीट निरखलेली नाहीं. चीनमध्यें १९४२ सालीं देह ठेवणारे डॉ. कोटणीस ज्या गांवांत जन्मले त्या गांवचा हा मुलगा. त्यांच्या स्मारकाची पायरी तो अद्याप चढलेला नाहीं. येत्या जानेवारींत सुटी काढ, आमच्याबरोबर सात दिवस सोलापूर पायीं हिंड, आणि रोज रात्रीं शुक्रवार पेठेंतून आम्हांसच एक पत्र लिही, असें आम्हीं त्यास कळविलें. मग कोठें राहावयाचें तें त्यानें ठरवावें. दोन्ही शहरें सारख्याच डोळ्यांनीं पाहून ठरविलें म्हणजे आमची तक्रार उरणार नाहीं. वहिनींची उरेल, आणि ती उरण्याचा त्यांस हक्क आहे.

परवां त्याचा होकार आला. तिकिटासाठीं तो आतांपासून पैसे बाजूस टाकीत आहे. वहिनींनीं नवें पंचांग काढून संक्रांत कोणत्या वारीं येते तें पाहून ठेवलें आहे, आणि कडक भाकरी या खेपेस पाठवावयाची नाहीं, ताजी करावयाची, असें सुनांस बजावलें आहे.