वेतोबाच्या वहाणा

दशावतार बघून घरी निघालो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मी आठ वर्षांचा. पुढे चूड धरलेला मामा, मागे आजी, मध्ये मी. माडांच्या बागेत काहीतरी सळसळलं आणि माझे पाय थिजले. आजी म्हणाली, “भिया नको. वेतोबा आपल्या पाठसून येता हा.”

वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. तो पाठीमागून येतोय म्हटल्यावर पोरानं किंकाळी फोडायला हवी. माझी भीती मात्र तिथेच उतरली, कारण त्याच दिवशी सकाळी मी त्याच्या वहाणा पाहिल्या होत्या.

आरवली हे माझं आजोळ. वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याजवळ. जयवंत दळवींचं गाव. देवळात वेतोबा उभा आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच, भरदार मिशांचा, हातात तलवार घेतलेला. पूर्वी तो फणसाच्या लाकडाचा होता, आता पंचधातूचा आहे. नवसाला लोक केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं गाव सांगतं. मामानं एक वहाण उलटी करून मला तळ दाखवला होता. टाचेकडची कड खरंच घासलेली होती. मी त्यावरून बोट फिरवलं. आपण झोपलेले असताना कुणीतरी आपल्यासाठी इतकं चालतं, हे मला त्या बोटातून कळलं.

पुढे शाळेत वेताळपंचविशी वाचली. त्या गोष्टींतला वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसतो. आमचा आमच्या पाठीमागून चालतो. मला हाच खरा वाटत आला आहे.

आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी वहाणांचा नवस बोललो. ती बरी होऊन मालवणला घरी आली, तसा मी कारागिराकडे गेलो. माप सांगायला लागलो, तर त्यानं हातानंच थांबवलं. “माप माका म्हायत आसा.”

वहाणा घेऊन आरवलीच्या देवळात गेलो, तेव्हा आई सोबत आली होती. गाऱ्हाणं झालं, “व्हय महाराजा” म्हणताना तिचा आवाज फुटला. वहाणा मी दोन्ही हातांनी पायांशी ठेवल्या. नव्या चामड्याचा वास तळव्यांना लागला होता. रात्री जेवायला बसेपर्यंत मी हात धुतले नाहीत.