भाड्याची होडी

आमच्या घरांत भाड्याच्या वस्तूला मान नाहीं. लग्नकार्यांत मांडव आणि मोठीं पातेलीं भाड्यानें आणावीं लागतात, तेवढा अपवाद. एरव्हीं जें वापरावयाचें तें आपल्या मालकीचें असावें, असा पेणच्या या घराचा जुना दंडक आहे. ‘भाड्याचें घर, खालीं कर’ ही म्हण सासूबाई घरावांचून इतर वस्तूंनाहि लावतात. तीन हिंवाळ्यांपूर्वीं मी आणि माझा पुतण्या रोहे तालुक्यांत कोलाडला होडी वल्हविण्यास शिकूं लागलों, तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो जिवाच्या काळजीचा नव्हे, मालकीचा: “पाण्यांत जायचेंच ठरविलें आहे, तर स्वतःची होडी कां नाहीं?” प्रश्न साधा दिसला, तरी त्याचें उत्तर मला हळूहळू उमगत गेलें.

ही होडी म्हणजे मचव्यासारखी उघडी होडी नव्हे. कयाक म्हणतात ती एका माणसाची, वरून बंद, प्लास्टिकची होडी. मधल्या भोंकांत बसून पाय आंत लांब करावयाचे, कमरेला बांधलेला घागऱ्यासारखा पडदा त्या भोंकाच्या कडेला घट्ट बसवावयाचा, म्हणजे आंत पाणी शिरत नाहीं. वल्हें एकच, पण दोन्ही टोकांना पातें असलेलें. होडी उलटली, तर डोकें पाण्याखालीं असतांनाच कमरेच्या हिसक्यानें आणि वल्ह्याच्या आधारानें ती सरळ करावयाची. न साधल्यास पडद्याचा पुढचा फासा ओढून बाहेर यावयाचें. नवशिक्याला हें बाहेर येणें सर्वांआधीं शिकवितात.

कुंडलिका नदी कोलाड आणि रोहे येथून वाहत रेवदंड्यापाशीं समुद्राला मिळते. पावसाळा सरल्यावर कोंकणांतील नद्यांचें पाणी ओसरतें. परंतु मुळशीच्या तलावाचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून भिऱ्याच्या वीजघरांत उतरतें आणि तेथून कुंडलिकेच्या पात्रांत येतें. हें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. त्याच्या धरणापायीं ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या शेतकऱ्यांचा, सेनापति बापटांनीं गाजविलेला, १९२१ पासूनचा सत्याग्रह वाचकांना ठाऊक आहेच. मुळेचें जें पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेनें बंगालच्या उपसागराला जावयाचें, तें त्या धरणानें पश्चिमेकडे वळविलें. आणि आज कोलाडच्या राफ्टिंगचा सारा व्याप या वळलेल्या पाण्यावर चालतो. वीज लागेल तसें पाणी सुटतें, बहुधा सकाळीं. म्हणून होडी कोणती घ्यावी हें ठरविण्याआधीं आज पाणी किती आहे, हें विचारावें लागतें. चांगल्या पाण्याच्या दिवशीं सुमारें बारा किलोमीटरची वाट मिळते, आणि तीत खळाळ पुष्कळ.

पहिल्या हिंवाळ्यांत निवडीचा प्रश्नच नव्हता. शिक्षकानें दिली ती होडी घेतली: लांब, फुगीर, गोल बुडाची, उलटावयाला नाखुष. अशी होडी शिकणाऱ्याचे अपराध पोटांत घालते. खरी पंचाईत दुसऱ्या हिंवाळ्यांत येते. अगदीं नवखा माणूस आपल्याला कांहीं येत नाहीं हें मोकळेपणानें सांगतो. पक्का तयार झालेल्याला बढाई मारण्याचें कारण नसतें. मधल्या पायरीवरचा माणूसच भाड्याच्या दुकानापुढें उभा राहून आपल्याला येतें त्यापेक्षां थोडें अधिक सांगतो.

माझी भाची गुलमर्गला बर्फावर स्की करण्यास शिकली. तिच्याकडून कळलें कीं तेथेंहि हीच गोष्ट. स्कीची फळी भाड्यानें घेतांना वजन, उंची, वय आणि आपली तयारी विचारून घेतात, आणि बूट फळीला धरून ठेवणारी जी खीळ असते तिची स्प्रिंग त्यावरून कमीअधिक आवळतात. पडल्यावर ही खीळ सुटावी आणि पाय मोकळा व्हावा, ही योजना. ज्यानें स्वतःला वरच्या वर्गांत बसवून घेतलें त्याची स्प्रिंग अधिक आवळली जाते. पुढें तो साधासा पडला तरी फळी सुटत नाहीं, आणि पीळ बसतो तो गुडघ्याला. भाची म्हणाली, “आत्या, फळी हनुवटीपर्यंत कीं कपाळापर्यंत, याचा घोळ लोक तासभर घालतात, पण बूट पायांत नीट बसला आहे कीं नाहीं, हें पांच मिनिटेंहि पाहत नाहींत.”

होडीचेंहि तंतोतंत असेंच आहे. लोक रंग पाहतात, बनावटीचें नांव पाहतात. पाहावयाचें तें निराळें. आंत बसल्यावर पायाचे चवडे आधाराला टेकतात का, गुडघे वरच्या कमानींत अडकतात का, कमर दोन्ही बाजूंनीं धरली जाते का, आणि इतकें घट्ट असूनहि फासा ओढतांच अंग सुटतें का, हे चार प्रश्न होडीला काठावरच विचारावे. पडद्याचा फासा चुकून आंत दडपलेला नाहीं ना, हें दरवेळीं हातानें चाचपावें. लाइफ-जॅकेट बांधून झाल्यावर दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढावयास सांगावें. तें कानांपर्यंत सरकलें तर पाण्यांतहि सरकेल. एके ठिकाणीं आम्हांला बक्कल तुटलेलें जॅकेट सुतळीनें बांधून देऊं केलें होतें. तेथून आम्ही तसेच परतलों. भाडें कमी होतें खरें.

माझ्यापुरती अडचण वेगळीच निघाली. भाड्याच्या होड्या घेतांना मालकाच्या डोळ्यांपुढें मध्यम बांध्याचा पुरुष असतो. माझें वजन चोपन्न किलो. नवशिक्यांच्या त्या मोठ्या होडींत मी बुचासारखी वर तरंगत असें. होडी कुशीवर कलती करावी म्हटलें तर ती हालत नसे. प्रवाह ओलांडतांना होडी प्रवाहाच्या दिशेला कलती करावी लागते, नाहीं तर येणारें पाणी वरची कड दाबून तिला उलटवितें. तेव्हां जी होडी पुतण्याला सुरक्षित, ती मला नव्हती. दुसऱ्या हिंवाळ्यांत शिक्षकानें त्याच जातीची, पण एक माप लहान होडी आणि थोडें आंखूड वल्हें दिलें, आणि जें मला वर्षभर साधलें नव्हतें तें दोन दिवसांत साधूं लागलें. सोपी होडी म्हणजे मोठी होडी नव्हे.

पुतण्याचें प्रकरण मात्र इतकें सहज मिटलें नाहीं. तो एकोणीस वर्षांचा, पोहण्यांत पटाईत. उलटलेली होडी सरळ करणें त्याला दुसऱ्याच वर्षीं येऊं लागलें. गेल्या जानेवारींत त्याचा डोळा एका निराळ्या होडीवर होता: आंखूड, सपाट बुडाची, धारदार कडांची. ही होडी एका लाटेवर खेळण्यासाठीं केलेली असते. तयार हातांत ती सुरेख वळते, आणि कच्च्या हातांत प्रवाहाची सीमा लागतांच पालथी होते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीचा बारीक कुंचला नव्या पोराच्या हातीं देत नाहींत, तो उगीच नव्हे. पण हा युक्तिवाद मीं त्याच्यापुढें मांडला नाहीं, कारण त्याला तो आवडला नसता आणि मला तो पुरेसा वाटला नसता.

तो माझ्या जावेचा एकुलता एक. तिनें त्याला धाडलें तें माझ्या भरंवशावर. सरळ नाहीं म्हणणें मला शक्य होतें. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण जें नाकारतों तें तो आपल्या पाठीमागें दुसरीकडे जाऊन घेतो, आणि तेथें त्याच्याजवळ कोणी नसतें. मीं इतकेंच विचारलें, “अरे, एकदां उलटलास तर तूं सरळ होशील, तें मीं पाहिलें आहे. पण बारा किलोमीटरच्या शेवटीं, दमलेल्या हातांनीं, चौथ्यांदां?”

“होईन, काकू.”

शिक्षकाचा तोडगा असा निघाला कीं लांबच्या वाटेवर ती होडी न्यावयाची नाहीं. खालच्या अंगाला, जेथें एक छोटासा खळाळ उतरून संथ डोहाला मिळतो, तेथें तासभर, आणि शिक्षक शेजारीं दुसऱ्या होडींत. मी काठावर पंचा घेऊन उभी राहिलें.

डोहांतून प्रवाहांत शिरतांना तो पहिल्याच वेळीं उलटला आणि सरळ झाला. दुसऱ्यांदां तसेंच. तिसऱ्यांदां दोन झटके लागले. चौथ्यांदां होडीचें बूड वर दिसलें आणि तसेंच राहिलें. मी मनांत आंकडे मोजूं लागलें. नऊ झाले तेव्हां त्याचें डोकें वर आलें, वल्हें पुढें वाहून गेलें होतें. शिक्षकानें आपल्या होडीमागें धरून त्याला काठाशीं आणलें. नडगी सोलवटली होती, पाणी पुष्कळ प्यायला होता. तो पंचा पांघरून बराच वेळ दगडावर बसला. मी बोललें नाहीं, त्यानेंहि माझ्याकडे पाहिलें नाहीं. मग उठून तो स्वतःच मधल्या जातीच्या होडीपाशीं गेला, म्हणजे जिचें बूड गोल पण कडा थोड्या उठावदार अशा होडीपाशीं, आणि पायाचा आधार आपल्या मापानें मागेंपुढें करूं लागला. ती घेऊन दुसऱ्या दिवशीं त्यानें सबंध वाट केली, एकदां उलटला.

घरीं आल्यावर त्यानेंच आईला सांगितलें, “आज नव्हे, काल चारदां उलटलों.” जाऊबाईंनीं माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि त्याच्या भातावर तूप जरा जास्त वाढलें.

सासूबाईंच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याच रात्रीं दिलें. पहिल्या वर्षीं होडी विकत घेतली असती, तर ती मला दुसऱ्याच वर्षीं मोठी झाली असती आणि पुतण्याला निरस. गेल्या वर्षीं घेतली असती, तर ती आंखूड होडी आज अंगणांत धूळ खात पडली असती, किंवा खर्च वाया जाऊं नये म्हणून त्यानें ती लांबच्या वाटेवर नेली असती. आणि या दुसऱ्या शक्यतेची मला अधिक भीति वाटते. सासूबाईंना हें पटलें असें नाहीं. त्या म्हणाल्या, “मग शिकून झाल्यावर घ्या.” त्यावर वाद करण्यासारखें कांहीं नाहीं.

तोंवर माझ्या वहींत प्रत्येक फेरीची नोंद आहे: पाणी किती होतें, होडी कोणती, पायाचा आधार कितव्या भोंकांत, कमरेला डाव्या बाजूस फोमची जास्तीची घडी. पुढच्या वेळीं दुकानापुढें उभें राहून आठवावें लागत नाहीं. यंदा पुतण्या ती आंखूड होडी पुन्हां मागणार आहे, खालच्या डोहांत, तासभरासाठीं. मालकाला मीं दोन्ही होड्या राखून ठेवण्यास कळविलें आहे.