कोतवालाची ओळ

ओमानमधल्या सोहारला आज मराठी माणूस जातो तो बंदराच्या नाहीतर कारखान्याच्या कामाने. त्याच सोहारात ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. मला मात्र सोहार म्हटले की इसहाक बिन यहुदा आठवतो. ‘अजाइब अल्-हिंद’ या दहाव्या शतकातल्या अरबी ग्रंथात, खलाशांच्या नवलकथांच्या गर्दीत तो भेटतो. दोनशे दिनार घेऊन ओमानहून निघालेला हा ज्यू व्यापारी तीस वर्षांनी चीनहून परतला तो कस्तुरी, रेशीम आणि चिनी मातीची भांडी भरलेले जहाज घेऊन. पुन्हा निघाला आणि वाटेत मारला गेला. त्याच्या बापाचे नाव तेवढे आपल्याला ठाऊक आहे. हजार वर्षांनंतर हेही थोडके नाही.

कारण त्याच किनाऱ्यावर पुढे नऊशे वर्षांनी आलेल्यांपैकी बहुतेकांचे तेवढेही हाती लागत नाही. १८२८ साली बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचातून सुटून काही ज्यू मस्कतला आले. १८३५ मध्ये ओमानात हिंडलेला जेम्स वेल्स्टेड हा आरमारी अधिकारी त्यांच्याविषयी थोडेसे लिहून गेला: कोणी चांदीचे दागिने घडवतो, कोणी सराफी करतो, कोणी दारू विकतो, सय्यद सईदच्या राज्यात त्यांच्यावर वेगळ्या पोशाखाची सक्ती नाही. माणसे दिसतात, त्यांचे हातही दिसतात, पण नावे दिसत नाहीत. एकोणिसावे शतक सरेपर्यंत ती वस्ती विरून गेली. जन्ममृत्यू टिपणारे दप्तर त्या देशात तेव्हा नव्हतेच. आधुनिक सरकारी कारभार उभा राहिला तो १९७० नंतर, सुलतान काबूस यांच्या काळात. मस्कतजवळच्या मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, खंजिरांच्या मुठींवरची बारीक चांदीची तार पाहताना मला त्या सोनारांची फार हळहळ वाटते.

त्यांचा माग काढायचा तर मुंबईतच यावे लागते. मस्कतमधला इंग्रजांचा एजंट दीर्घकाळ मुंबई सरकारला अहवाल धाडत असे. ती कागदपत्रे काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. शेजारच्याच वास्तूवर डेव्हिड ससून यांचे नाव आहे. तेही त्याच दाऊद पाशामुळे बगदाद सोडून, बुशेरमार्गे मुंबईला आलेले. एकाच संकटातून सुटलेल्या एकाच्या नावाचे ग्रंथालय झाले, आणि दुसऱ्याचा शोध शेजारच्या दप्तरात घ्यायचा. तिथेही कर्ज, जहाज, तक्रार असे काही कारण घडले असेल तरच नाव येणार. कज्जा नसलेल्या माणसाची सरकारला गरज नसते.

आणि म्हणूनच मला आपल्या कोकणातल्या कोतवाल बुकाचे, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीचे, मोल फार वाटते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असे सांगितले जाते ते, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल ज्यू याच मुलखातले. पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर: आडनावातच गाव. कुळाचा शोध घेणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली? गाव कळले की गाव नमुना चौदा, म्हणजे हेच बुक, मागायचा. पिवळट पान, बोरूने लिहिलेली मोडी. तारीख, बापाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण. मृत्यू असेल तर ताप, देवी, पटकी यांपैकी काहीतरी. बाळाच्या नावाच्या जागी कित्येकदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण नाव ठेवण्याआधीच खबर पोचलेली. कज्जा नाही, मालमत्ता नाही. माणूस जन्मला एवढ्यासाठी त्याची एक ओळ! ती लिहिणाऱ्याला मी मनोमन हात जोडते.

शोधणाऱ्याने एक जपावे. १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आपल्याकडे सामाजी हसाजी होते. सिनेगॉगच्या वहीतले नाव आणि गावच्या वहीतले नाव वेगळे निघू शकते. बापाचे नाव, गाव आणि साल जुळवल्यावाचून माणूस सापडला म्हणू नये.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर ही दप्तरे उघडली गेली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, कपाटे धुळीतून निघाली. हे उत्तम झाले. पण या वह्या सगळ्या गावाच्या आहेत. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांची नातवंडे लोद, अश्दोद, दिमोना इथे वाढली; पणजोबांचे गाव त्यांना आडनावातून कळते, मोडी मात्र वाचता येत नाही. तेव्हा अलिबाग, पेण, रोहा, मुरूडच्या अभिलेख कक्षांत बसणाऱ्या मोडी जाणकारांना माझी विनंती आहे: आपल्या कामाची नोंद सापडली की वही मिटू नका. त्याच पानावर एखादे इस्राएली घर दिसले, तर गाव, साल आणि पान क्रमांक टिपून ठेवा, आणि जवळच्या सिनेगॉगला कळवा.