उसना गंज

आमच्याकडे भांडी घासायचं यंत्र आलं ते २०२० च्या टाळेबंदीत. मावशींचं येणं बंद झालं होतं आणि माझे गुडघे ओट्याशी तासभर उभं राहायला तयार नव्हते. मुलाने डिशवॉशर आणून बसवला. पुढे मावशी परत आल्या, पण केर-फरशीपुरत्याच. भांड्यांचे पैसे गेले, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही.

तर परवा पाहुणे यायचे होते म्हणून मशीनमधले चमचे काढून पुसत होते. मुलाच्या लग्नात नावं घालून घेतलेले दोन डझन चमचे. बघते तर त्यांवर तांबूस ठिपके! स्टीलला गंज? मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. मी बोलून गेले, "तुम्ही पूर्वी तारेच्या घासणीने घासायचात ना, त्याचे हे चरे. आता गंजले."

मावशी थांबल्या. "बाई, चमच्यांना मी तार कधीच लावली नाही. तुम्हीच नको म्हणाला होता." एवढं बोलून पुन्हा पुसायला लागल्या.

मन काही स्वस्थ बसेना. संध्याकाळी शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंना फोन केला. त्या विज्ञान शिकवायच्या. मी पडले भाषेची, माझं शास्त्र 'लोखंड गंजते, स्टील गंजत नाही' इथेच संपतं!

त्या म्हणाल्या, स्टेनलेस स्टीलही लोखंडच. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, चमच्यांत बहुधा अठरा टक्के. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी साय धरतं. ओरखडा गेला तरी साय पुन्हा धरते. तिचा वैरी म्हणजे मीठ. लोणच्याचा, आमटीचा खरकटा चमचा रात्रीपर्यंत तसाच पडला, की तिथे बारीक खड्डा पडू शकतो. सुऱ्यांचं पोलाद वेगळं, धारेसाठी कडक केलेलं. ते जास्त लवकर गंजतं.

"पण आधी ठिपका खायच्या सोड्याने चोळून बघा," त्या म्हणाल्या. "निघाला तर तो गंज चमच्याचा नाहीच. दुसऱ्या कुणाचा तरी उसना आलेला."

चोळला. निघाला!

मग मशीन उघडून बसले. खालच्या जाळीचं प्लास्टिकचं आवरण दोन ठिकाणी उडालेलं, आतली तार तांबडी झालेली. आणि मुख्य गुन्हेगार वेगळीच. भज्यांची लोखंडी कढई! दर रविवारी मीच ती मशीनमध्ये लावत होते. तिच्या गंजाचे कण पाण्याबरोबर फिरून चमच्यांवर बसत होते. शिवाय आमच्याकडे बोअरचं जड पाणी, म्हणून मशीनला त्याचं वेगळं मीठ भरावं लागतं. भरताना सांडलेलं मीठ मी तसंच ठेवायची. वर, मशीन रात्री लावून सकाळपर्यंत बंदच. चमचे रात्रभर आत दमट हवेत.

आता नियम केले आहेत. लोखंडाचं काहीही आत नाही. मीठ भरलं की लगेच मशीन चालवायचं. भांडी रात्रीपर्यंत थांबणार असतील तर चमचे आधी नळाखाली विसळायचे. ते एकमेकांत बसवून ठेवायचे नाहीत, सुटे लावायचे. धुणं संपलं की दार उघडायचं आणि ओलसर राहिलेले पुसून घ्यायचे. ठिपका दिसलाच तर सोडा आणि ओलं फडकं, तार नाही. जाळी बदलायची आहे, तोवर उघड्या तारेपाशी चमचे नाहीत.

राहता राहिली कढई, तवा आणि सुऱ्या. त्या हातानेच घासायला हव्यात.

सकाळी मावशी आल्यावर आधी सांगितलं, "गंज माझ्या कढईचा होता. मी उगाच तुम्हाला बोलले." मग विचारलं, एवढी भांडी रोज घासाल का, आणि पैसे किती घ्याल? आकडा त्यांनी सांगितला, मी घासाघीस केली नाही. चाळीस वर्षं मुलांना 'आधी पडताळा, मग लिहा' असं शिकवलं, असो.

मावशींनी ओट्यावरचा एक चमचा उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून पाहिला आणि माझ्यासमोर धरला.

"हा एक राहिला बघा, बाई."