आत्याचा डोळा आणि कालनिर्णय

आमच्या घरात दुखणं बोलून दाखवायची पद्धत नाही. आजी, आत्या, आई, सगळ्या एकाच मुशीतल्या. ताप अंगावर काढायचा, गुडघा धरला तर भिंतीचा आधार घेत उठायचं आणि कुणी विचारलंच तर ‘काही नाही गं, बरी आहे’ म्हणायचं. सोसणाऱ्या बाईला आपल्याकडे मानही मिळतो. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर हाच गुण अंगाशी येऊ शकतो, हे गेल्या श्रावणात आम्ही अगदी जवळून पाहिलं. म्हणून हे लिहितेय.

आम्ही म्हैसूरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आत्याचं घर देवराज मोहल्ल्यात, धन्वंतरी रोडच्या मागच्या गल्लीत. जवळच सयाजीराव रोड, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. दसऱ्याची हत्तींची मिरवणूक याच रस्त्याने जाते. आत्या ७१ वर्षांची. रोज संध्याकाळी देवराज मार्केटात जाऊन देवासाठी मल्लिगेचा गजरा आणणं हा तिचा नेम. मोतीबिंदू वाढला आणि फूलवालीने परत दिलेली नोट शंभराची की पाचशेची, हे तिला कळेनासं झालं. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की ती एकच शब्द बोलायची, ‘मिंटो!’

ही भीती उगाच नव्हती. बंगळुरूच्या मिंटो या जुन्या सरकारी नेत्र रुग्णालयात ९ जुलै २०१९ रोजी २४ जणांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. त्यातल्या अनेकांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला आणि काहींची त्या डोळ्याची नजर कायमची गेली. संशयाचं बोट गेलं ते ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरतात त्या जेलकडे. त्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू असल्याचं सांगण्यात आलं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयातही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर असाच संसर्ग होऊन काही जणांनी डोळा गमावला होता. आत्याने या बातम्या वाचल्या होत्या आणि विसरली नव्हती.

डॉक्टरांनी तिची भीती हसण्यावारी नेली नाही, हे मला आवडलं. त्यांनी आकडाच समोर ठेवला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आपल्याकडच्या सुमारे ६ लाख ऑपरेशनांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. डोळ्याच्या आत होणाऱ्या या संसर्गाचं प्रमाण दर १० हजारांमागे ७ होतं. ऑपरेशनच्या शेवटी मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक डोळ्यातच सोडायला लागल्यावर ते २ वर आलं. ‘म्हणजे आजी, ही गोष्ट क्वचित होते,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या हातात असतं ते आम्ही करू. घरी गेल्यावर लक्ष तुम्ही ठेवायचं.’

त्यांच्या हातातलं काय, तेही त्यांनी सांगितलं. ऑपरेशनआधी डोळ्यात पोविडोन आयोडीनचे थेंब घालून काही मिनिटं थांबायचं. पापण्यांचे केस प्लास्टिकच्या चिकट पातळ कागदाखाली झाकायचे. कारण बहुतेक वेळा हे जंतू बाहेरून कुठून येत नाहीत. ते आपल्याच पापण्यांच्या कडांवर मुक्कामाला असतात. बाहेर असताना ते निरुपद्रवी असतात. बारीकशा छेदातून आत शिरले तर मात्र अनर्थ करतात. आत्याला मधुमेह, त्यामुळे तिला धोका थोडा जास्त. आधी साखर आटोक्यात आणली, मगच तारीख दिली.

ऑपरेशन गुरुवारी झालं. शुक्रवारी पट्टी निघाली. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने खेळ काढला. आत्याआजीने चांगला डोळा तळहाताने झाकायचा आणि त्याच खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय वाचायचं. शुक्रवारी तिला मोठे आकडे दिसले. शनिवारी सकाळी आकड्याखालची तिथीही वाचली. लेकीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू गुलाबपाण्याची बाटली घेऊन आल्या, ती आम्ही हसून कपाटात ठेवून दिली.

रविवारी सकाळी तिथी दिसेना. ‘झोप झाली नाही गं नीट,’ आत्या म्हणाली. संध्याकाळी आकडेसुद्धा धुक्यात गेल्यासारखे झाले. लेक स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, ‘आई, आत्याआजी आज आकडे अंदाजाने सांगतेय. चुकतेय.’

मी जाऊन पाहिलं, तर आत्या दिवा मालवून बसलेली. पापणी सुजली होती, डोळा लाल झाला होता.

‘आत्या, दुखतंय का?’

‘थोडंसं ठणकतंय. ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच की. आज रविवार, डॉक्टरांना कशाला त्रास? उद्या सकाळी बघू.’

मी घरी पाठवताना दिलेला कागद काढला. त्यावर रात्रीचा नंबर होता. मी फोन लावला. काल तिथी वाचत होती, आज आकडा दिसत नाही, ठणका वाढतोय, एवढंच सांगितलं. पलीकडून दोन शब्द आले, ‘ईगले बन्नी.’ आत्ताच या.

तपासणीच्या यंत्रातून डॉक्टरांना बुबुळामागे खालच्या बाजूला पुवाची पांढरी रेघ दिसली. या आजाराला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण घाई का करायची हे समजायला सोपं आहे. डोळ्याच्या आत पारदर्शक, जेलीसारखा द्रव भरलेला असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराचे शिपाई तिथे लवकर पोहोचत नाहीत आणि जंतू बिनधास्त वाढतात. त्याच्या मागेच नजरेचा पडदा. तो एकदा करपला की परत मिळत नाही. पोटात घेतलेल्या गोळीचं औषधही तिथवर पुरेसं पोहोचत नाही. म्हणून थेट डोळ्याच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं. काही वेळा तो द्रवच ऑपरेशन करून काढावा लागतो. इथे हिशेब तासांचा असतो.

त्याच रात्री सुईने नमुना काढला आणि दोन अँटिबायोटिकं डोळ्यात सोडली. पुढचे दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आत्या मात्र एकदाच म्हणाली, ‘उद्यावर टाकलं असतं तर?’ कुणी उत्तर दिलं नाही. तिला ते माहीत होतं.

नमुन्यात सापडला तो पापणीवर राहणारा साधा स्टॅफिलोकॉकस. कुणाची हयगय नाही, कुणाशी भांडण नाही. सगळी काळजी घेऊनही उरतो त्या थोड्या धोक्यात आत्याचा नंबर लागला होता. हळूहळू पू विरला, नजर परतली, पूर्ण नाही. कालनिर्णयची तिथी आता दिसते, मागच्या पानावरचा बारीक मजकूर त्या डोळ्याने दिसत नाही. पण दसऱ्याला गॅलरीत बसून तिने सोन्याची अंबारी पाहिली आणि फूलवालीकडून सुट्टे पैसे स्वतः मोजून घेतले.

आता प्रश्न दुसऱ्या डोळ्याचा. मला वाटलं होतं, ती नाव काढू देणार नाही. पण तिनेच विचारलं, ‘या डोळ्याचं कधी करायचं?’ आणि मग म्हणाली, ‘या वेळी मी स्वतः सांगेन. पोरीला ओळखायला लावणार नाही.’

तुमच्या घरी कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भिऊन पुढे ढकलू नका. पण घरी येण्याआधी रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालणारा फोन नंबर मागून घ्या आणि तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, गुलाबपाणी, मध, तूप असलं काहीही डोळ्यात घालू नका. पहिल्या दिवशी थोडं खुपणं, पाणी येणं, लाली असणं चालतं. मात्र प्रत्येक दिवस कालच्यापेक्षा बरा जायला हवा. नजर कालच्यापेक्षा कमी झाली, ठणका किंवा लाली वाढली, पापणी सुजली, तर सकाळची वाट पाहू नका. असं बहुतेकदा पहिल्या आठवड्यात होतं, पण पुढचे काही आठवडेही लक्ष असू द्या.

आणि घरातल्या आजीला, आईला ‘बरी आहेस ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तिला खुर्चीत बसवा, दुसरा डोळा झाकायला सांगा आणि विचारा, ‘आज तिथी कोणती?’